चार्ल्स शोभराज : रत्नांचा धंदा, तिहारची मिठाई आणि पर्वरीतली अटक

आडवाटेचा वाचक (धागाकर्ता)

1970 च्या दशकात आशियातल्या परदेशी पर्यटकांची लूट आणि हत्या यांसाठी कुख्यात झालेल्या चार्ल्स शोभराजचे नाव निघाले की ‘बिकिनी किलर’ आणि ‘सर्पंट’ ही बिरुदे आपोआप पुढे येतात आणि चर्चा त्याच्या कथित अचाट बुद्धीभोवती फिरू लागते. या धाग्यात मला थोडी वेगळी बाजू मांडायची आहे. चोर म्हणून पाहिले तर हा माणूस सुमार होता, त्याचे मोठे डाव बहुतेक फसले, आणि त्याला खऱ्या अर्थाने साधलेली युक्ती एकच होती : समोरच्याला प्रेमाने काहीतरी खायला-प्यायला द्यायचे आणि तो गुंगला की काम उरकायचे. तिहारमधून तो सुटला तोही याच युक्तीने. त्या पलायनाला आपण जेवढे डोक्यावर घेतले, तेवढी त्याची लायकी नव्हती असे माझे मत आहे.

आधी थोडी पूर्वपीठिका. जन्म 6 एप्रिल 1944, सायगाव. वडील भारतीय, सिंधी, आई व्हिएतनामी. आईने पुढे एका फ्रेंच लष्करी अधिकाऱ्याशी संसार थाटला आणि मुलाचे बालपण इंडोचायना आणि फ्रान्स यांच्यात विभागले गेले. 1963 मध्ये घरफोडीसाठी त्याला फ्रान्समध्ये पहिली शिक्षा झाली आणि पॅरिसजवळच्या प्वासी तुरुंगात त्याची रवानगी झाली. तिथे कैद्यांना भेटायला येणाऱ्या एका सधन स्वयंसेवकाला त्याने असे काही जिंकले की त्याच्या ओळखीने उच्चभ्रू पॅरिसची दारे उघडली. तुरुंगात गेलेला माणूस बाहेर पडताना वरच्या वर्तुळाचे आमंत्रण घेऊन पडतो, हे त्याच्या पुढच्या आयुष्यात वारंवार घडले आहे.

1970 मध्ये गरोदर पत्नीसह तो फ्रान्समधून निसटला आणि वाटेत भेटतील त्या प्रवाशांना लुबाडत मुंबईला पोहोचला. त्याची मुलगी इथेच जन्मली. परदेशी मोटारी चोरून आणून इथल्या हौशी श्रीमंतांना विकणे हा त्या काळातला त्याचा उद्योग होता. आयात मोटारीसाठी लोक जीव टाकत असत, त्यामुळे कागदपत्रांची फार चौकशी होत नसे. पैसा येत होता, पण तो टिकत नव्हता, कारण जुगाराचे व्यसन अनावर होते.

जुगारातली कर्जे फेडण्याच्या नादात दिल्लीच्या अशोक हॉटेलातली जवाहिऱ्याची पेढी लुटण्याचा बेत ठरला. पेढीच्या वरच्या खोलीत एक परदेशी नर्तकी उतरली होती. शोभराज आणि त्याचे साथीदार तिच्या खोलीत शिरले, तिला ओलीस ठेवले आणि जमिनीला भोक पाडून खालच्या पेढीत उतरण्याचा प्रयत्न करू लागले. ती जमीन काही फुटेना. शेवटी दागिने दाखवण्याच्या निमित्ताने पेढीच्या माणसालाच वर बोलावून घेण्यात आले आणि त्याच्याकडून किल्ल्या हिसकावण्यात आल्या. माल हाती आला, पण विमानतळावर सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी अडवल्यामुळे रोकड आणि रत्नांची पिशवी तिथेच टाकून त्याला पळ काढावा लागला. म्हणजे एवढा खटाटोप करून हाती शून्य.

तो मुंबईत परतला आणि 1971 मध्ये मुंबई पोलिसांचे मधुकर झेंडे यांच्या हाती लागला. त्याच्याकडे रिव्हॉल्व्हर सापडले. त्याला दिल्ली पोलिसांच्या ताब्यात देण्यात आले. तिथे त्याने पोटदुखीचे सोंग घेतले, रुग्णालयात दाखल झाला आणि पत्नीच्या मदतीने पसार झाला. पुन्हा पकडला गेला, वडिलांकडून पैसे घेऊन जामीन मिळवला आणि काबूलला निघून गेला. काबूलमध्येही तुरुंग, तिथेही आजारपण, तिथेही रुग्णालयातल्या पहारेकऱ्याला गुंगीचे औषध. अथेन्समध्ये तो आणि त्याचा सावत्र भाऊ पकडले गेले तेव्हा ओळखींची अदलाबदल करण्याचा बेत फसला. शोभराज निसटला आणि भाऊ अडकला.

1976 मध्ये तो दिल्लीत पकडला गेला आणि तिहार तुरुंगात पोहोचला. ही मालिका सलग वाचली की 16 मार्च 1986 च्या रविवारी तिथे जे घडले त्यात नवल काहीच उरत नाही. वाढदिवसाचे निमित्त सांगून पहारेकऱ्यांना मिठाई वाटण्यात आली, मिठाईत झोपेचे औषध होते, पहारेकरी जागच्या जागी कलंडले आणि शोभराज आणखी काही कैद्यांसह मुख्य दरवाजातून चालत बाहेर पडला. त्याने भुयार खणले नाही की भिंत ओलांडली नाही. पंधरा वर्षांपूर्वीपासून चाललेला जुनाच डाव त्याने मोठ्या प्रमाणावर खेळला.

या मांडणीबद्दल इतरांची मते वाचायला आवडतील.

सराफकट्टा

लेख आवडला, पण ‘सुमार चोर’ हे विशेषण अशोक हॉटेलपुरते ठीक आहे. रत्नांचा उपयोग तो ज्या पद्धतीने करत असे, त्यात त्याची समज पक्की होती. आमच्या घरात दोन पिढ्या याच व्यवसायात गेल्या असल्याने त्या बाजूने थोडे लिहितो.

सोन्याला वजन आणि दर असतो. सकाळी पेपर उघडला की भाव कळतो. खड्याचे तसे नसते. नीलम किंवा माणिक यांची किंमत रंग, पाणी, स्वच्छता, पैलू आणि मूळ खाण यांवर ठरते, आणि ती ठरवणारा डोळा तयार व्हायला वर्षे लागतात. त्यामुळे नवख्या गिऱ्हाइकापुढे पुडी उघडून बसणाऱ्याच्या शब्दाला जी किंमत येते, तीच त्या क्षणी खड्याची किंमत असते. त्यातून मुठीत मावणारा माल, त्यावर मालकाचे नाव नाही, सीमा ओलांडताना लपवायला सोपा. फरार माणसाला याहून सोयीची मालमत्ता सापडणार नाही.

1975 मध्ये त्याने बँकॉकची निवड केली, त्यामागेही हेच कारण असावे. थायलंड हे रंगीत खड्यांच्या व्यापाराचे जगातले मोठे केंद्र आहे. चांथाबुरीच्या बाजारात आजही खड्यांचे सौदे टेबलाटेबलावर होतात, आणि त्या काळी ब्रह्मदेश व कंबोडियाच्या सीमेपलीकडून येणारा माल बँकॉकमध्ये खपत असे. तिथे तो ‘अलेन गोतिए’ नावाने रत्नांचा व्यापारी म्हणून वावरत होता. युरोपातून नेपाळ-भारतमार्गे आलेल्या तरुण प्रवाशांना तो सांगे की इथे स्वस्तात नीलम घ्या आणि मायदेशी विकून प्रवासखर्च भरून काढा. हे आमिष आजही बँकॉकमध्ये पर्यटकांना दाखवले जाते आणि लोक आजही फसतात. शोभराज मात्र खडे विकून थांबत नसे. पाहुण्याला घरी बोलावून, काहीतरी पाजून आजारी पाडायचे, मग स्वतःच शुश्रूषा करायची, आणि तोवर त्याचे पारपत्र व प्रवासी धनादेश ताब्यात घ्यायचे, असा तो क्रम होता. आजारी माणसाला वाटे की हा देवासारखा भेटला.

तिहारमध्ये शिरतानाही त्याने शरीरात रत्ने लपवून नेली होती, ही गोष्ट धाग्यात यायला हवी होती. तुरुंगात त्याला मिळालेल्या दूरचित्रवाणी संच, पसंतीचे जेवण आणि मनसोक्त भेटीगाठी यांची सुरुवात त्या भांडवलातून झाली.

आडवाटेचा वाचक

सराफकट्टा, ‘पाहुण्याला आजारी पाडून शुश्रूषा’ हा मुद्दा फार नेमका आहे. गुंगी देण्याआधी तो विश्वास कमवत असे, आणि तो विश्वास रत्नांच्या पुडीतून मिळे. माझ्या मांडणीत ही पहिली पायरी राहून गेली होती.

तिहारमध्येही त्याने हेच केले. कायद्याची पुस्तके वाचून तो इतर कैद्यांचे अर्ज लिहून देत असे आणि कैदीच नव्हे तर कर्मचारीही त्याला ‘चार्ल्स साहब’ म्हणत. अशा माणसाच्या हातची बर्फी कोण नाकारणार? साधारण दहा वर्षे तो तिथे होता. मिठाईचा तो पुडा दहा वर्षांच्या ओळखीवर वाटला गेला.

अर्धवट वकील

तिहारच्या पलायनाबद्दल एक कायद्याचा मुद्दा आहे, आणि तो घेतल्याशिवाय ‘जुनाच डाव’ हे वर्णन अपुरे राहील. जुलै 1976 मध्ये दिल्लीच्या विक्रम हॉटेलात त्याने फ्रेंच विद्यार्थ्यांच्या एका गटाला हगवणीवरचे औषध म्हणून गोळ्या दिल्या. प्रमाण चुकले. सगळे खोलीत जाऊन झोपण्याऐवजी काहीजण तिथेच कोसळू लागले, शुद्धीवर असलेल्यांनी प्रकार ओळखला, शोभराजला धरून ठेवले आणि पोलीस आले. (त्याचा आणखी एक फसलेला डाव, धागाकर्त्याच्या यादीत जमा करावा.) त्याआधी ज्यां-लुक सॉलोमन या फ्रेंच पर्यटकाचा असाच औषधाने मृत्यू झाला होता. त्या प्रकरणात सदोष मनुष्यवधाखाली त्याला शिक्षा झाली. पर्यटक-हत्यांच्या प्रकरणांत थायलंडला तो हवा होता. तिथे खुनाच्या गुन्ह्याची मुदत 20 वर्षांची, आणि दोषी ठरल्यास मृत्युदंडाची शक्यता. भारतातली शिक्षा 1996 च्या आधीच संपली असती तर त्याला थेट बँकॉकच्या विमानात बसवले गेले असते.

आपल्याकडच्या 1962 च्या प्रत्यार्पण कायद्यानुसार, भारतात शिक्षा भोगत असलेल्या माणसाला ती संपेपर्यंत दुसऱ्या देशाच्या हवाली करता येत नाही. म्हणजे भारतातली कैद जितकी लांबेल तितका तो थायलंडपासून सुरक्षित. म्हणूनच पुष्कळ लोक म्हणतात की तो पळाला तोच मुळी पुन्हा पकडला जाण्यासाठी. पलायनाबद्दल त्याची शिक्षा दहा वर्षांनी वाढली, 17 फेब्रुवारी 1997 ला तो सुटला तेव्हा थायलंडची मुदत उलटून गेली होती, आणि तो फ्रान्सला परतला. आकडे असे काही जुळतात की योगायोग म्हणवत नाही.

आडवाटेचा वाचक

आकडे जुळतात हे मान्य, पण नंतर जुळलेले आकडे आधी आखलेला बेत सिद्ध करत नाहीत. पकडलेच जायचे होते तर तीन आठवडे लपत फिरण्याचे कारण काय? दिल्लीतल्या कुठल्याही पोलीस चौकीत जाऊन बसला असता तरी पलायनाचा गुन्हा पूर्ण झालाच होता. शिवाय त्या गुन्ह्यासाठी नेमकी किती शिक्षा होईल, खटला किती लांबेल, हे मार्च 1986 मध्ये त्याला कसे कळणार? मला वाटते की तो खरोखर पळून जाण्यासाठीच पळाला होता. पकडला गेल्यावर झालेला फायदा त्याने आपल्या हुशारीच्या खात्यावर मांडला आणि आपण तो हिशेब न तपासता मान्य केला. अथेन्सचा, अशोक हॉटेलचा आणि विक्रम हॉटेलचा फसलेला बेत ज्याच्या नावावर आहे, त्याने याच एका वेळी वीस वर्षांचे गणित अचूक सोडवले असे मानणे मला जड जाते.

अर्धवट वकील

‘खरोखर पळण्यासाठी पळाला’ हे धरून चालू. तरी त्याला थायलंडच्या मुदतीची जाणीव होती हे नाकारता येणार नाही. मिठाईचा दिवस शिक्षा संपत आली असतानाच उगवला. म्हणजे हेतू प्रत्यार्पण टाळण्याचाच, मार्ग मात्र दोन : निसटलो तर उत्तम, सापडलो तर कैद वाढेल. दोन्हीकडून फायदा असेल तर बेत आखणाऱ्याने एकच मार्ग ठरवला होता असे म्हणण्याची गरज नाही.

आडवाटेचा वाचक

ही मांडणी मला मान्य आहे. ‘पकडले जाण्यासाठीच पळाला’ या दंतकथेपेक्षा ती कितीतरी विश्वासार्ह आहे.

पर्वरीकर

आमच्या गावचा विषय निघाला म्हणून लिहिते. 6 एप्रिल 1986 रोजी त्याला जिथे पकडले ते ‘ओ कोकेरो’ उपाहारगृह आल्त पर्वरीला, पणजी-म्हापसा रस्त्यालगत आहे. चिकन काफ्रियालसाठी ते पूर्वीपासून नावाजलेले. त्या काळात परदेशी फोन लावण्याची सोय गोव्यात फार थोड्या ठिकाणी होती आणि ती इथे होती, त्यामुळे परदेशी लोकांची ये-जा असे. हा माणूस गोव्यात असेल तर कधीतरी फोनसाठी इथे येईल, असा अंदाज बांधून मुंबईहून आलेले झेंडे आणि त्यांचे सहकारी तिथे दबा धरून बसले होते.

झेंडे यांनी नंतर अनेकदा सांगितलेला एक तपशील मला फार आवडतो. रात्रीची वेळ, टॅक्सीतून दोन माणसे उतरली, आणि दोघांच्या डोक्यावर उन्हाच्या टोप्या होत्या. रात्री टोप्या कशाला, हा साधा प्रश्न त्यांना पडला. त्यांनी निरखून पाहिले तर 1971 मध्ये आपणच धरलेला चेहरा समोर होता. पंधरा वर्षांनंतर चेहरा ओळखणारा पोलीस आणि तेच नाटक तसेच चालेल असे मानणारा चोर, असा तो सामना होता. धागाकर्त्याच्या ‘एकच युक्ती’ला यापेक्षा चांगला पुरावा नाही. सोबत तिहारच्या पलायनातला त्याचा ब्रिटिश साथीदारही सापडला. आणि 6 एप्रिल म्हणजे त्याचा खरा वाढदिवस. तिहारमधला वाढदिवस खोटा होता. खऱ्या वाढदिवसाला पार्टी झाली ती पोलिसांसोबत.

तिथे पुढे त्याचा पूर्णाकृती पुतळा बसवला गेला आणि पर्यटक त्याच्याशेजारी बसून छायाचित्रे काढू लागले. मला ते कधीही रुचले नाही. पुतळा बसवायचाच होता तर झेंडे यांचा बसवायला हवा होता.

सराफकट्टा

पर्वरीकर, पुतळ्याबद्दल शंभर टक्के सहमत.

दप्तरखाना

इथवरच्या चर्चेत चोर आणि पोलीस आले, पण ज्यांच्यामुळे त्याचे सोंग उघडे पडले त्यांचा उल्लेख नाही. फेब्रुवारी 1976 मध्ये बँकॉकच्या डच दूतावासातल्या हर्मन निपेनबर्ग या तरुण अधिकाऱ्यापुढे एक चौकशी आली : हेंक बिंटान्या आणि कॉर्नेलिया हेमकर हे जोडपे घरी पत्रे लिहायचे थांबले होते. या दोघांची शोभराजशी गाठ हाँगकाँगमध्ये रत्नांच्याच निमित्ताने पडली होती आणि त्याच्या आमंत्रणावरून ते बँकॉकला आले होते. त्याआधी आयुथ्याजवळ रस्त्याकडेला सापडलेले दोन जळके मृतदेह ऑस्ट्रेलियन जोडप्याचे समजले जात होते. निपेनबर्ग यांनी दातांच्या नोंदी मागवून ते बिंटान्या आणि हेमकर यांचेच असल्याचे सिद्ध केले. हे त्यांचे काम नव्हते. वरिष्ठांनीही त्यांना फारसे प्रोत्साहन दिले नाही.

माहिती पुरवली ती शोभराजच्याच इमारतीत, कनित हाउसमध्ये राहणाऱ्या एका फ्रेंच शेजारणीने. तिने त्याच्या घरात पाहुणे येताना आणि आजारी पडताना पाहिले होते. थाई पोलिसांनी एकदा त्याला चौकशीला नेले, पण त्याने अमेरिकी पारपत्र दाखवले आणि त्याला सोडून देण्यात आले. पुढे निपेनबर्ग आणि त्यांचे सहकारी त्या घरात शिरले तेव्हा तिथे औषधांचा साठा आणि बेपत्ता प्रवाशांच्या वस्तू सापडल्या. पक्षी तोवर उडाला होता.

निपेनबर्ग यांची नेमणूक देशोदेशी होत राहिली, पण या प्रकरणाचे कागद त्यांनी कधीही टाकून दिले नाहीत. त्या कागदांचे मोल 2003 मध्ये कळले.

अर्धवट वकील

बरोबर, आणि इथे धागाकर्त्याचा मुद्दा आणखी पक्का होतो. फ्रान्समध्ये मोकळा फिरणारा, मुलाखतींचे पैसे घेणारा हा माणूस 2003 च्या सप्टेंबरमध्ये स्वतःच्या पायांनी काठमांडूत गेला. तिथल्या एका पत्रकाराने त्याला ओळखले, वृत्तपत्रात छायाचित्र आले, आणि 19 सप्टेंबरला ‘याक अँड यती’ हॉटेलच्या कॅसिनोत पोलिसांनी त्याला पकडले. जुगाराचे टेबल काही सुटले नव्हते. नेपाळात 1975 च्या डिसेंबरमध्ये कॉनी जो ब्रॉन्झिक ही अमेरिकी आणि लॉरां कॅरिएर हा कॅनेडियन, या दोघांच्या हत्या झाल्या होत्या. आपण त्या वेळी नेपाळात नव्हतोच, असे तो न्यायालयात सांगत राहिला. पण बिंटान्या यांच्या पारपत्रावर एक माणूस तेव्हा काठमांडूत उतरला होता, आणि बिंटान्या त्याआधीच मारले गेले होते. निपेनबर्ग यांचे जुने कागद इथे उपयोगी पडले. 20 ऑगस्ट 2004 ला ब्रॉन्झिक हत्येसाठी जन्मठेप झाली, 2010 मध्ये नेपाळच्या सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली आणि 2014 मध्ये भक्तपूरच्या न्यायालयाने कॅरिएर हत्येतही त्याला दोषी ठरवले.

एक गोष्ट स्पष्ट करतो. त्याच्या नावावर निदान बारा हत्या सांगितल्या जातात; पण न्यायालयात खून म्हणून सिद्ध होऊन टिकले ते नेपाळातले हे दोनच. थायलंडमध्ये त्याच्यावर खटला चाललाच नाही. बिंटान्या आणि हेमकर यांच्या घरच्यांना निकालपत्राचा कागद कधी मिळाला नाही.

नवा सभासद

वाचनीय धागा. एक शंका : काठमांडूच्या तुरुंगातून त्याने पळण्याचा प्रयत्न केला नाही का?

अर्धवट वकील

तिथे त्याने न्यायालयाचाच मार्ग धरला : अपिले, अर्ज, फेरविचार याचिका. 2017 मध्ये त्याच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली. अखेर 21 डिसेंबर 2022 ला नेपाळच्या सर्वोच्च न्यायालयाने वय आणि प्रकृती पाहून सुटकेचा आदेश दिला आणि 23 तारखेला त्याला फ्रान्सला पाठवण्यात आले. तेव्हा तो 78 वर्षांचा होता.

दप्तरखाना

म्हणजे आजारपणाचे कारण शेवटी कामी आले तर. या वेळी ते खरे होते एवढाच फरक. नव्या सभासदांसाठी : आधीची कारणे धाग्याच्या पहिल्या लेखात आहेत, दिल्लीचे रुग्णालय आणि काबूलचे रुग्णालय.